अनधिकृत बांधकामावर महापालिकेने नेमके काय केले? माहिती अधिकारातून कारवाईची नस्ती (फाइल) कशी मिळवावी

शेजारच्या इमारतीच्या सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, एक पत्र्याची शेड उभी राहते, काही महिन्यांत तिच्या भिंती विटांच्या होतात, आणि तक्रार करणाऱ्या नागरिकाला प्रभाग कार्यालयातून ‘नियमानुसार कार्यवाही सुरू आहे’ असे एका ओळीचे उत्तर येते. ही ओळ खरी आहे का, हे पडताळून पाहण्याचा रस्ता माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ ने सर्वांना खुला करून दिला आहे. तरीही असे अनेक अर्ज वाया जाताना मी पाहिले आहेत आणि त्यामागचे कारण बहुतेक वेळा एकच असते : अर्जदार ‘कारवाई का झाली नाही?’ असे विचारतो. या कायद्याखाली कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली परीक्षेच्या उत्तरपत्रिकांसंबंधीच्या एका निकालात स्पष्ट केले आहे की, जी माहिती अभिलेखात अस्तित्वात आहे तीच देणे कार्यालयावर बंधनकारक आहे; नवी माहिती तयार करून देणे, मत देणे किंवा अर्थ लावून सांगणे बंधनकारक नाही. म्हणून ‘का’ हा प्रश्न मनात ठेवावा आणि त्याचे उत्तर ज्या कागदांवर उमटलेले असते ते कागद नावानिशी मागावेत.

त्यासाठी तक्रारीचा कार्यालयातला प्रवास आधी समजून घेतला पाहिजे. तक्रार आवक नोंदवहीत चढते आणि तिला क्रमांक मिळतो. सहायक आयुक्त किंवा प्रभाग अधिकारी तिच्यावर शेरा मारून ती कनिष्ठ अभियंत्याकडे पाठवतात. तो जागेवर जाऊन स्थळ पाहणी अहवाल लिहितो, लांबी-रुंदीची मोजमापे घेतो, छायाचित्रे काढतो, आणि पंचनामा झाला तर त्यावर पंचांच्या सह्या घेतो. त्यानंतर टिपणी सुरू होते. नस्तीतील ही पाने सर्वांत बोलकी असतात, कारण कोणत्या दिवशी कोणी काय सुचवले आणि वरच्या अधिकाऱ्याने त्यावर काय लिहिले, हे तारखेसह तिथे दिसते. मग नोटीस, तिची पोचपावती किंवा ती दर्शनी भागावर चिकटवल्याचा पंचनामा, समोरच्या व्यक्तीचा खुलासा, सुनावणी झाली असल्यास तिचा आदेश, पोलीस बंदोबस्तासाठी गेलेले पत्र, आणि शेवटी निष्कासनाचा, म्हणजे बांधकाम पाडल्याचा, अहवाल. या साखळीतला प्रत्येक दुवा म्हणजे एक कागद असतो, आणि साखळी जिथे तुटली तिथेच आपल्या ‘का’चे उत्तर असते.

नोटीस कोणत्या कलमाखाली काढली जाते, हे ठाऊक असले तर अर्ज नेमका होतो. मुंबई वगळता राज्यातील महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ खाली चालतात. त्यातील कलम २६० खाली बांधकामाबाबत कारणे दाखवा नोटीस निघते, कलम २६७ खाली बेकायदा काम थांबवण्याचा व काढण्याचा आदेश देता येतो, तर परवानगीशिवाय केलेल्या कामासाठी कलम ४७८ वापरले जाते. बृहन्मुंबईत १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू आहे. तिथे कलम ३५१ आणि चालू काम थांबवण्यासाठी कलम ३५४अ ही नावे ऐकू येतात. या सर्वांच्या जोडीला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आहेच, ज्याच्या कलम ५३ ची नोटीस अनधिकृत विकासाबद्दल आणि कलम ५४ ची नोटीस चालू काम थांबवण्यासाठी दिली जाते.

कलम ५३ कडे विशेष लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. नोटीस मिळालेल्या व्यक्तीला नोटिशीच्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्याची परवानगी मागता येते, आणि तिने तसा अर्ज केला की त्यावर अंतिम निर्णय होईपर्यंत केवळ त्या नोटिशीच्या आधारे बांधकाम पाडता येत नाही. ही तरतूद न्याय्य आहे. मात्र तो नियमितीकरणाचा अर्ज कोणीही निर्णय न देता ठेवून दिला, तर कारवाई वर्षानुवर्षे तिथेच अडकते, आणि तक्रारदाराला याची काहीच कल्पना नसते. म्हणून असा अर्ज आला होता का, कोणत्या तारखेला आला, आणि त्यावर काय निर्णय झाला, याचे कागद न विसरता मागावेत.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे वळू. महाराष्ट्रात तो जोडपत्र ‘अ’ या नमुन्यात करायचा असतो. १० रुपयांचे शुल्क रोख भरता येते किंवा अर्जावर न्यायालय शुल्क मुद्रांक, म्हणजे कोर्ट फी स्टॅम्प, लावून देता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला दाखला जोडल्यास शुल्क माफ आहे. राज्य शासनाच्या ऑनलाइन माहिती अधिकार संकेतस्थळावर आपली महापालिका यादीत असेल, तर अर्ज घरबसल्याही करता येतो. २०१२ साली राज्याच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो. एका अर्जात दोन विषय आले तर अधिकारी पहिल्याच विषयाची माहिती देऊन उरलेल्यासाठी वेगळा अर्ज करण्यास सांगू शकतो. त्यामुळे एका मिळकतीवरील एका तक्रारीसाठी एक अर्ज, हे सूत्र धरावे.

अर्ज ‘जन माहिती अधिकारी’ या पदनामाने, ज्या प्रभाग किंवा क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत बांधकाम आहे तिथे द्यावा. नस्ती तिथेच असते. मुख्यालयात दिलेला अर्ज फिरत फिरत तिथे पोहोचेपर्यंत दिवस जातात. मंजूर नकाशा, आरंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र हे कागद बांधकाम परवानगी किंवा नगररचना विभागाकडे असतात, म्हणून त्यांच्यासाठी त्या विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे स्वतंत्र अर्ज करणे शहाणपणाचे ठरते. अर्ज चुकीच्या सार्वजनिक प्राधिकरणाकडे गेला, तरी कलम ६(३) नुसार तो ५ दिवसांच्या आत योग्य ठिकाणी वर्ग करणे त्या कार्यालयाचे काम आहे. ‘आमच्याकडे नाही’ म्हणून तो परत करता येत नाही.

मजकूर साधारण असा लिहावा :

‘विषय : नगर भूमापन क्र. … , … रस्ता, प्रभाग क्र. … येथील बांधकामाबाबतच्या तक्रारीवरील कार्यवाही. कालावधी : तक्रारीच्या दिनांकापासून या अर्जाच्या दिनांकापर्यंत. माझी तक्रार, आवक क्रमांक … , दिनांक … , हिच्या नस्तीतील पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात : (१) तक्रारीवरील सर्व शेरे व टिपणीची सर्व पाने, (२) स्थळ पाहणी अहवाल, पंचनामे व छायाचित्रे, (३) सदर मिळकतीबाबत बजावलेल्या सर्व नोटिसा व त्या बजावल्याचा पुरावा, (४) नोटिशींवर आलेले खुलासे व त्यावरील आदेश, (५) नियमितीकरणासाठी आलेला अर्ज व त्यावरील निर्णय, (६) निष्कासनासंबंधीचे आदेश, पोलीस ठाण्याशी झालेला पत्रव्यवहार व अहवाल. यांपैकी एखादा कागद अभिलेखात नसल्यास त्या क्रमांकासमोर तसे नमूद करावे. प्रती घेण्यापूर्वी मला मूळ नस्तीचे अवलोकन करावयाचे आहे.’

शेवटून दुसरे वाक्य कितीही घाई असली तरी वगळू नये. ‘नोटीस बजावल्याचा पुरावा अभिलेखात उपलब्ध नाही’ असे जन माहिती अधिकाऱ्याच्या सहीने लिहून मिळाले, तर तो कागद पुढे आयुक्तांसमोर किंवा न्यायालयात एखाद्या नोटिशीइतकाच उपयोगी पडतो.

माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची गरज नाही. संपर्कासाठी लागणाऱ्या तपशिलापलीकडे कोणतीही वैयक्तिक माहिती मागू नये, असे कलम ६(२) सांगते. तक्रार स्वतः केलेली नसली, तरीही कोणत्याही भारतीय नागरिकाला हे कागद मागता येतात. इथे एक गंभीर बाब नोंदवणे मी माझे कर्तव्य समजतो. जमीन आणि बांधकाम यांत मोठे आर्थिक हितसंबंध असतात, आणि महाराष्ट्रात अशी माहिती मागणाऱ्यांवर हल्ले झाले आहेत. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. धोका जाणवत असेल तर राहत्या घराऐवजी पत्रव्यवहाराचा दुसरा खात्रीचा पत्ता द्यावा, आणि एकट्याने पुढे होण्यापेक्षा गृहनिर्माण संस्थेतील तीन-चार सभासदांनी वेगवेगळे अर्ज करावेत. अर्ज मात्र संस्थेच्या नावाने करू नये, सभासदाने नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करावा. कायद्याने हा हक्क नागरिकाला दिलेला आहे.

अर्जातल्या शेवटच्या वाक्याकडे, म्हणजे नस्तीच्या अवलोकनाकडे, बहुतेक अर्जदार दुर्लक्ष करतात. कलम २(ञ) मध्ये अभिलेखांची पाहणी करणे, टिपणे घेणे आणि साक्षांकित प्रती मिळवणे या सर्व गोष्टी माहितीच्या अधिकारातच मोडतात. राज्याच्या नियमांनुसार पाहणीचा पहिला तास विनामूल्य असतो व त्यानंतर दर १५ मिनिटांना ५ रुपये पडतात. शिवाय सामान्य प्रशासन विभागाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार महापालिकांसह स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्यासाठी खुले ठेवायचे आहेत. जाताना पेन्सिल न्यावी. २०१२ च्या दुरुस्तीनुसार पाहणी करताना फक्त पेन्सिल जवळ बाळगता येते आणि पेन अधिकाऱ्याकडे जमा करावे लागते. मूळ कागदावर खाडाखोड होऊ नये हा त्यामागचा हेतू असून तो योग्यच आहे.

एका महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात मी अशी एक नस्ती पाहिली होती. फितीने बांधलेली, मधल्या काही पानांना क्रमांक नसलेली. टिपणीच्या पहिल्याच पानावर कनिष्ठ अभियंत्याने तक्रारीनंतर आठ दिवसांत स्वच्छ अक्षरात लिहिले होते : ‘समक्ष पाहणी केली. बांधकाम विनापरवाना आहे. कलम २६० अन्वये नोटीस प्रस्तावित.’ त्याखाली उपअभियंत्याची सही होती. त्याच्याही खाली, वेगळ्या शाईत, ‘चर्चा करावी’ हे दोनच शब्द होते आणि सही तारखेविना होती. त्यानंतरची नोंद सात महिन्यांनी, म्हणजे माझा माहिती अधिकाराचा अर्ज आल्यावर झालेली होती. नोटिशीचा मसुदा टंकलिखित होऊन नस्तीतच लावलेला होता; त्यावरची जावक क्रमांकाची जागा कोरी होती. ज्या कनिष्ठ अभियंत्याला आम्ही सगळे दोष देत होतो, त्याने आपले काम वेळेत केले होते, हे मला त्या दुपारी कळले. केवळ प्रती मागवल्या असत्या तर मसुद्याची प्रत ‘नोटीस’ म्हणून हाती आली असती आणि ती कोरी जागा कदाचित माझ्या लक्षातही आली नसती.

पाहणीच्या वेळी प्रथम पानांना क्रमांक आहेत का ते बघावे, नसल्यास ते घालण्याची लेखी विनंती करावी, आणि एकूण पानांची संख्या आपल्या कागदावर लिहून तिथल्या कर्मचाऱ्याची सही मागावी. नंतर प्रत्येक कागदाची तारीख, आवक-जावक क्रमांक आणि पृष्ठक्रमांक टिपून घ्यावा. छायाचित्रे घेण्यावरून वाद घालण्यात वेळ दवडू नये. हवी असलेली पाने निवडून त्यांच्या साक्षांकित प्रती मागाव्यात. दर पानाला २ रुपये पडतात, म्हणजे २०० पानांच्या संपूर्ण नस्तीला ४०० रुपये लागतील तिथे निवडक ३० पाने ६० रुपयांत मिळतात. नोटिशीवर जावक क्रमांक असेल, तर जावक नोंदवहीतील त्या दिवसाचे पानही मागावे, कारण नोटीस खरोखर कार्यालयाबाहेर गेली की नाही हे त्या नोंदवहीतच कळते.

उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. प्रतींचे शुल्क किती, हे हिशेबासह कळवणारे पत्र आल्यापासून आपण पैसे भरेपर्यंतचा काळ या मुदतीत धरला जात नाही, म्हणून शुल्क लगेच भरून पावती घ्यावी. मुदत उलटली तर कलम ७(६) नुसार माहिती विनामूल्य द्यावी लागते, आणि ही गोष्ट अर्जदाराने आठवण करून दिल्याशिवाय सहसा पाळली जात नाही.

नकाराची पत्रे ठरावीक वळणाची असतात. ‘प्रकरण चौकशीत असल्याने कलम ८(१)(ज) नुसार माहिती देता येत नाही’ हे त्यांतले नेहमीचे. या कलमाचे शब्द काळजीपूर्वक वाचावेत : माहिती दिल्याने तपासात किंवा अपराध्यावरील कारवाईत अडथळा येत असेल, तरच ती नाकारता येते. चौकशी चालू आहे एवढे कारण पुरेसे नाही, अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच म्हटले आहे. बांधकाम जागेवर उभे आहे, नोटीस त्याच्या दारावर लागलेली आहे. तिची प्रत दिल्याने कोणता तपास बिघडतो, हे अपिलात विचारावे.

दुसरा आधार कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहितीचा. इथे परिस्थिती बदलली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हे कलम आखूड केले आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. पूर्वी त्या कलमातच असलेली व्यापक सार्वजनिक हिताची कसोटी आता तिथे उरलेली नाही. हा बदल नागरिकांच्या हक्काला मारक आहे, असे माझे ठाम मत आहे. तरीही कलम ८(२) शाबूत आहे, आणि होणाऱ्या हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते, असे ते सांगते. म्हणून अशा मिळकतीबाबत अर्ज करतानाच सार्वजनिक हिताचे एक वाक्य लिहावे : बांधकामामुळे अग्निशमन वाहनाचा मार्ग अडतो, सांडपाण्याची वाहिनी झाकली गेली आहे, किंवा जे काही वस्तुस्थितीला धरून असेल ते. कारण देण्याची सक्ती नसली तरी इथे ते देणे फायद्याचे आहे. सोबत कलम १० चा उल्लेख करून दूरध्वनी क्रमांक, आधार क्रमांक असा तपशील झाकून उरलेला कागद द्यावा, असे सुचवावे. बांधकाम करणाऱ्याने दिलेला आणि गोपनीय मानला गेलेला कागद असेल, तर कलम ११ खाली त्याचे म्हणणे मागवले जाते आणि निर्णयाला ४० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. त्याने हरकत घेतली म्हणजे माहिती आपोआप नाकारली जात नाही. निर्णय अधिकाऱ्यानेच कारणांसह द्यायचा असतो.

‘नस्ती आढळून येत नाही’ हे उत्तर सर्वांत निराश करणारे, पण कायद्यात माहिती नाकारण्याचे असे कारणच नाही. कधीकाळी उपलब्ध असलेली माहिती सापडत नसेल, तर तिचा कसून शोध घ्यावा लागतो आणि जबाबदारी निश्चित करावी लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले आहे. अशा वेळी अपिलात दोन मागण्या कराव्यात : शोध घेतल्याचा अहवाल द्यावा, आणि तक्रारदाराकडील पोचपावत्या व इतर विभागांतील प्रतींवरून नस्ती पुन्हा तयार करावी.

माहिती अधिकाराचा अर्ज करण्याआधी महापालिकेचे संकेतस्थळ एकदा पाहून घ्यावे. पाडकामांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने तीन महिन्यांत डिजिटल पोर्टल नेमून त्यावर कारणे दाखवा नोटीस, ती बजावल्याचा व आलेल्या उत्तराचा तपशील आणि अंतिम आदेश उपलब्ध करून द्यायचे आहेत. नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवून बांधकामावरही चिकटवायची, १५ दिवसांचा अवधी द्यायचा आणि पाडकामाचे चित्रीकरण करायचे, हेही त्यात आहे. रस्ता, पदपथ, लोहमार्गालगतची जागा, नदीपात्र अशा ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना मात्र हे निर्देश लागू नाहीत. पोर्टलवर नोंद नसेल, तर त्या नोंदीची प्रत अर्जात मागावी. नोटीस ज्याला आली आहे, त्या रहिवाशालाही हाच मार्ग तितकाच उपयोगी आहे, कारण आपल्याला खरोखर सुनावणी मिळाली होती की ती केवळ कागदावर दाखवली गेली, हे त्यालाही याच नस्तीतून सिद्ध करता येते.

माहिती मिळाली नाही किंवा अपुरी मिळाली, तर उत्तर मिळाल्यापासून अथवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत जोडपत्र ‘ब’ मध्ये, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, प्रथम अपील करावे. ते त्याच महापालिकेतील वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे चालते आणि ३० दिवसांत, फार तर कारणे नोंदवून ४५ दिवसांत, निकाली निघायला हवे. सुनावणीला सर्व कैफियत मांडत बसू नये. मागितलेल्या कागदांची क्रमवार यादी करून प्रत्येकासमोर ‘मिळाला’, ‘अपुरा’, ‘मिळाला नाही’ असे लिहिलेले एकच पान द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. अपिलीय अधिकाऱ्याला आदेश त्या पानावरूनच लिहिता येतो. माहिती नाकारणे योग्य होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार जन माहिती अधिकाऱ्यावर असते.

त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे जोडपत्र ‘क’ मध्ये द्वितीय अपील करता येते. कागद हवे असतील तर कलम १८ खालील तक्रार न करता कलम १९(३) खालील अपीलच करावे, कारण तक्रारीत आयोग दंड करू शकतो, पण माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निर्णय आहे. कलम २० खालच्या शास्तीची, म्हणजे विलंबाच्या दर दिवसाला २५० रुपये आणि कमाल २५,००० रुपये दंडाची, मागणी त्याच अपिलात करता येते. आयोगापुढे क्रमांक लागायला अनेक महिने जातात. तोवर हाती आलेल्या कागदांच्या आधारे आयुक्तांकडे नवी लेखी तक्रार करावी, तिच्यात नस्तीचा पृष्ठक्रमांक आणि अडलेल्या शेऱ्याची तारीख नमूद करावी, आणि तिचा आवक क्रमांक घेऊन ठेवावा; महिनाभरात काही हालचाल झाली नाही तर पुढचा अर्ज त्याच क्रमांकावर करता येतो.

माहितीच्या अधिकाराचा मूळ कायदा देशभर एकच असला, तरी शुल्क आणि नमुने राज्याराज्यांचे वेगळे आहेत. त्यामुळे पणजी, बेळगाव, इंदूर किंवा वडोदरा येथील मराठी वाचकांनी वर दिलेली कलमे तशीच वापरावीत, पण १० व २० रुपयांचे आकडे, जोडपत्रे आणि शब्दमर्यादा यांसाठी आपल्या राज्याचे नियम पाहूनच अर्ज भरावा. महापालिका कायद्याची कलमेही तिथे वेगळी असतील.